घटाआधीचं धुणं

मी मासे मारले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण कान्ह्यातल्या त्या गल्लीत आजही कुणालाही विचारलंत, तर "वरच्या मजल्यावर राहायची ना, हॉटेलात कामाला, तिनं आबांचे मासे मारले" असंच सांगतील. दूधवाला सांगेल, समोरची शिलाईवाली मशीन थांबवून सांगेल, आणि आबांची बायको तर डोळ्यांत पाणी आणून सांगेल. ज्यांनी हे पसरवलं, ज्यांना खरं काय ते पक्कं ठाऊक होतं, ते आबा मात्र काही खुलासा न करता निवांत जग सोडून गेले. इतकी वर्षं झाली, पण माझा राग गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

आबा माझे घरमालक. देहूरोडच्या लष्करी डेपोत जन्मभर तपासणीच्या खात्यात होते. आलेला माल बघायचा, चांगला असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर 'रिजेक्ट' म्हणून बाजूला काढायचा. निवृत्त झाल्यावर शिक्का खात्यात जमा झाला, पण 'रिजेक्ट' ते घरी घेऊन आले. भाजीवाल्याची मेथी रिजेक्ट, पाहुण्यांनी आणलेली चिक्की रिजेक्ट, जावयाची नवीकोरी गाडी तर दार उघडून बघायच्या आधीच रिजेक्ट. मी खोली बघायला गेले तेव्हा मला नीट न्याहाळून म्हणाले, "हॉटेलात काम करतीस? मंग पानी लय सांडत आसशील." मी लोणावळ्याजवळच्या एका रिसॉर्टमध्ये बुकिंगच्या टेबलावर बसायचे. पाण्याशी माझा संबंध एवढाच, की खोलीत गरम पाणी आलं नाही की पाहुणे माझ्यावर ओरडायचे. दिवसभर परक्या लोकांची बोलणी हसऱ्या चेहऱ्यानं ऐकायची, लोकलनं कान्ह्याला परत यायचं आणि मग घरमालकाची ऐकायची, असा माझा दिनक्रम होता.

मावशी, म्हणजे त्यांची बायको, अगदी वेगळी. मनमोकळी, बडबडी, कुणालाही चहा पाजल्याशिवाय न सोडणारी. स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामध्ये आबांची मोठी काचेची टाकी होती, आणि तिच्यात तळहाताएवढे वाढलेले गोल्डफिश. त्यातल्या सगळ्यांत थोराड माशाच्या डोक्यावर लाल गाठींचा फेटा असल्यासारखं दिसायचं. त्याला आबा 'सुभेदार' म्हणायचे. टाकी आबांची, पण सुभेदार मावशीचा. ती भाकरी थापायला बसली की हा काचेला तोंड लावून उभा राहायचा आणि ती त्याला सगळं सांगायची. लेकीचं सासर, गुडघ्याचं दुखणं, गॅस किती दिवस पुरला, सगळं. "ह्यांच्यापरीस त्यो बरा," म्हणायची, "मधी बोलत न्हाई."

आता त्या टाकीच्या डोक्यावर काय होतं ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथूनच घडलं. टाकीच्या काठावर फळी टाकून आबांनी प्लॅस्टिकचे तीन डबे रांगेत बसवले होते, पाणी गाळायचं त्यांचं घरगुती फिल्टर. टाकीतला पंप पाणी वर ढकलायचा. पहिल्या डब्यात काळा स्पंज आणि कापूस, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात कौलांचे तुकडे. पवनानगरकडच्या त्यांच्या गावच्या घरावर पत्रे घातले तेव्हा उतरवलेली कौलं त्यांनी पोत्यात भरून आणली होती आणि हातोडीनं सुपारीएवढी फोडली होती. त्यांतून झिरपत पाणी पुन्हा टाकीत धारेनं पडायचं. वरून बघितलं तर डब्यांमध्ये नुसता तपकिरी चिखल. पण टाकीतलं पाणी असं की मासे हवेत तरंगतायत की काय असं वाटावं.

मला कामावरच्या लोकांनी वाढदिवसाला एक लहानशी टाकी दिली. आत तीन बारके गोल्डफिश आणि बुडबुडे काढणारं एक खेळण्यासारखं यंत्र. मी ती टेबलावर ठेवली आणि चहा करायला आत गेले, तर बाहेरून आवाज आला, "रिजेक्ट!" दार उघडं होतं, आबा आत उभे. बुडबुड्यांचा आवाज खालपर्यंत आला म्हणे. "ह्यात मासं न्हाई जगत. ही मासं मारायची टाकी हाय," असं म्हणून त्यांनी माझे तिन्ही मासे लोट्यात काढले आणि खाली नेले. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आबांच्या बाबतीत ते मला पुन्हा म्हणावं लागणार आहे.

पुढच्या रविवारी ते डबे, पाइप, करवत आणि टॉर्च घेऊन आले. माझी सुट्टी, माझी खोली, माझी टाकी, आणि हुकूम त्यांचे. मी डब्याला भोक पाडलं तर ते लहान झालं. "आत येनाऱ्या पान्यापरीस भायेर जायाची वाट मोठी पायजे. न्हाईतर उद्या डबा भरून वाहील आन् तुझी खोली माझ्या टकुऱ्यावर गळंल." मी पंप टाकीच्या तळाशी ठेवला तर ओरडले, "वर घे! वर! डबा तुंबला तर पंप पार तळापातूर पानी उपसून भायेर टाकील, आन् मासं कोरड्यात. वर ठिवला की निम्मं पानी तरी ऱ्हातंय." हे सगळं बरोबर होतं, हे मी मान्य करते. पण बरोबर गोष्ट एवढ्या ओरडण्यानं सांगायला काय झालं होतं? पंप चालू केला, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि मला त्याच्यासमोर बसवलं. कुठं थेंब पडतो का बघायचं. चहा नाही, फोन नाही. मी जरा मान वळवली की "ध्यान कुटंय?" शाळेतसुद्धा मी एवढी बोलणी खाल्ली नव्हती.

थेंब पडला नाही. मला वाटलं, सुटले, आता मासे परत मिळतील. छे! "पानी पिकू दे," म्हणाले. म्हणजे काय, तर काळ्या स्पंजात आणि कौलांत डोळ्यांना न दिसणारे जीव वाढायला हवेत. माशांची घाण तेच खातात, पाणी तेच राखतात. ते वाढेपर्यंत मासे सोडायचे नाहीत. त्यासाठी त्यांनी त्यांच्या डब्यातला थोडा चिखल आणून मी बाजारातून आणलेल्या पिवळ्या स्पंजावर पिळला. महिनाभर माझ्या खोलीत रिकाम्या टाकीत नुसतं पाणी वर चढत होतं आणि खाली पडत होतं. मैत्रिणी आल्या की विचारायच्या, "मासे कुठायत?" काय सांगणार? घरमालकानं ताब्यात घेतलेत?

पिवळ्या स्पंजालाही त्यांची नावं ठेवणं चालूच असायचं. "भांडी घासायचा आनलास व्हय गं?" मासे परत मिळाल्यावरही पिच्छा सुटला नाही. खाली जेवता जेवता त्यांना वरच्या धारेचा आवाज ऐकू यायचा म्हणे. तोंडात घास घेऊन जिन्यातून हाक मारायचे, "आवाज बदललाय! कापूस तुंबला!" लाइट जाऊन परत आली की मी पोहोचायच्या आत दारात हजर, पंप सुरू झाला का बघायला. कापूस बदलायचा, पण स्पंज आणि कौलं कधीच नळाखाली धरायची नाहीत. फारच तुंबलं तर टाकीतल्याच पाण्यात हलकेच बुचकळायचं. "साबनाचा हात जरी लागला ना," ते बोट नाचवून सांगायचे, "तर समदं मेलं म्हनून समज."

आणि नेमकं हेच मावशीला सहन होत नसे. पितृपंधरवडा संपत आला की त्या घरात धुण्याचा दंगा उसळायचा. घट बसायच्या आत घरातली चिंधीसुद्धा धुतली गेली पाहिजे. गोधड्या, पडदे, उशांचे अभ्रे, फळीवरचे डबे, देवाची भांडी, आबांची न वापरलेली खाकी पँट, सगळं गच्चीवर. उन्हाची उघडीप मिळाली की ती कमरेला पदर खोचून दिवसभर आपटत असायची. मग वर्षातून एकदा त्या तीन डब्यांवरून भांडण ठरलेलं. "अवो, देवी बसायची घरात, आन् तितं तुमचा चिखुल तसाच! लोकं काय म्हनतील?" "देवीला न्हाई दिसत चिखुल." "मला दिसतोय न्हवं!" आबा टाकीला पाठ लावून उभे राहायचे आणि मावशी फडकं आपटून निघून जायची. घट बसल्यावर पुन्हा गोडीगुलाबी.

त्या वर्षी आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू. पिंपरीला लेकीकडे राहून करायचं ठरलं, आणि डॉक्टरनं सांगितलं म्हणून दहा-बारा दिवस तिथंच मुक्काम. मावशी घटाच्या तयारीसाठी घरी थांबली. जाताना आबांनी मला जिन्यात अडवून टॉर्चच हातात दिला. "ध्यान ठिव," म्हणाले. कशावर ते सांगितलं नाही.

आमच्याकडे तेव्हा सलग सुट्ट्या लागून आल्या होत्या, रिसॉर्ट भरलेलं, मला तिथंच मुक्काम पडला. परत आले तर गच्चीवर गोधड्यांच्या शेजारी जुन्या साडीवर काहीतरी वाळत पडलेलं. केशरी, लख्ख, एकसारखं. मी जवळ जाऊन बघितलं. कौलांचे तुकडे होते.

"बग की कसं झालंय!" मावशी मागून आली. चेहरा नुसता खुललेला. "एका एकाला बुरूसनं घासलंय. धुन्याच्या पावडरीत रातभर भिजत घातलं. त्यो काळा स्पंज तर, काय सांगू तुला, चारदा पिळला तवा त्याचं पानी नितळ झालं. ह्यांनी जलमभर हात लावू दिला न्हाई. आता डोळं उघडून येतील आन् बगतील, आपलं फिल्टर नव्यावानी! ही माझी त्यांना भेट."

ती मला मारायला आली असती तरी मी तिला खरं सांगितलं असतं. पण ती इतकी आनंदात होती, की माझी जीभ उचलली नाही. मी वर धावत गेले, माझा पिवळा स्पंज उपसला, निम्मा कापला आणि खाली तिच्या धुतलेल्या डब्यात कोंबला. बादल्यांनी पाणी बदललं. तिला म्हणाले, "मावशी, दोन दिवस माशांना काही घालू नका. आबांचा फोन होता." फोनबिन काही नव्हता. रोज कामावर जाण्यापूर्वी आणि आल्यावर मी बादल्या वाहत होते. गल्लीतल्या सगळ्यांनी बघितलं, वरची बाई सारखी टाकीशी काहीतरी करतेय. पण एवढे मोठे मासे आणि अर्धा बारका स्पंज. तो किती पुरणार? तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंड वासायला लागले. एकेक करत गेले. सुभेदार शेवटी गेला, मावशी भाकरी थापत असताना, काचेपाशीच.

आबा आले ते काळा चष्मा लावून. मावशी रडत पुढं गेली, "अवो, मी काय केलं न्हाई वो. रोजच्यावानीच समदं केलं. मला कळंना काय झालं." आबांनी तिला हातानं बाजूला केलं. चाचपत टाकीपाशी गेले आणि वरच्या तिसऱ्या डब्यात हात घातला. आधी कौलांवर बोटं फिरवली. मग बोटं नाकाशी नेली. मग पहिल्या डब्यात पुन्हा हात घातला आणि माझा पिवळा तुकडा बाहेर काढला. तो बोटांनी दाबून बघितला. म्हणजे त्यांना सगळं कळलं. कुणी धुतलं ते कळलं, आणि वाचवायला कोण धडपडलं तेही कळलं. मी जिन्याच्या पायरीवर उभी होते. आता ते मावशीवर काय बरसतात या भीतीनं मी कठडा धरला होता.

ते वळले आणि माझ्यावर ओरडले.

"तुला सांगितलं हुतं ना खायाला घालू नको? मूठ मूठ टाकलंस व्हय? पोटं फुगून मेलं समदं! भायेरच्या मानसाच्या हाती दिलं की आसं हुतंय!" दारं उघडली, शिलाईवालीची मशीन थांबली, दूधवाला किटली घेऊन तसाच उभा. मावशीनं माझ्याकडे बघितलं. तिच्या मनात हिशेब जुळत गेला तो मला दिसला. मला घालू नका म्हणाली, आणि स्वतः सकाळ-संध्याकाळ टाकीशी! "आगं पोरी," ती एवढंच म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

मी आबांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी डोळ्यानं नुसतं खुणावलं असतं, तरी मी समजून घेतलं असतं. पण त्या काळ्या चष्म्यामागं काय चाललं होतं ते मला कधीच कळलं नाही. आणि मी गप्प बसले. तिथं खरं बोलायचं म्हणजे आत रडणाऱ्या त्या बाईला सांगायचं, की तुझा सुभेदार तूच मारलास. तुम्ही बोलला असता? आबांना माहीत होतं मी बोलणार नाही. याचीच मला सगळ्यांत जास्त चीड आहे.

चार दिवसांनी मी त्यांना गच्चीवर गाठलं. घट बसले होते, मावशी आरतीला गेली होती. "आबा, तुम्हाला सगळं माहीत आहे," मी म्हणाले. ते कठड्याला टेकून उभे होते.

"व्हय."

"मग माझ्या नावावर का?"

"तू कवातरी दुसरीकडं ऱ्हायाला जाशील. तिला हितंच ऱ्हायाचंय, त्या टाकीम्होरं भाकऱ्या करत."

"मला विचारायचं तरी होतं! मी नाही म्हणाले असते का?"

"इचारलं आसतं तर तू व्हय म्हनली आसतीस," ते म्हणाले, "पर मंग तुला खोटं रडाया लागलं आसतं. तिनं वळखलं आसतं. तुझं तोंड कसं खरंखुरं पडलं हुतं."

माझ्या तोंडाची तपासणी करून त्यांनी शिक्का मारला होता! मी संतापून तडक खाली आले. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात एक झाकणाचा डबा. आत टाकीतलं पाणी आणि माझा पिवळा अर्धा तुकडा. माफीचा शब्द नाही, काही नाही. लोक म्हणतील, ती त्यांची माफीच होती. असेल. मला ती चालली नाही. मला भर गल्लीत बोलले होते, तर भर गल्लीतच काहीतरी म्हणायला हवं होतं.

वर्षभरानं मी खोली सोडली. तोवर दूधवाला मला रोज विचारायचा, "काय मॅडम, मासे हायेत का अजून?" आणि मावशी मला चहा द्यायची, पण टाकीजवळ बसू द्यायची नाही. आबांनी नवे मासे आणले, पाणी पुन्हा पिकवलं. पुढच्या घटाला भांडण मात्र झालं नाही. मावशीच म्हणाली म्हणे, "ऱ्हाऊ द्या तुमचा चिखुल." मासे गेल्यापासून तिला डब्यांना हात लावायची इच्छाच राहिली नव्हती.

मागच्या वर्षी आबा गेले. यंदा पितृपंधरवड्यात मावशीचा फोन आला. "ये की गं. ह्यांनी सांगून ठिवलंतं, फिल्टर पोरीला द्यायचं. मासं लेकीकडं दिलं, टाकी हलवली. ह्ये तेवढं तुझं नेऊन टाक."

मी गेले. टाकीच्या जागी आता नुसती भिंत होती. कॉटवर टॉवेल अंथरून तिन्ही डबे मांडले होते, काचेसारखे पारदर्शक. शेजारी कौलांचे तुकडे, केशरी, लख्ख. मावशी वाळली होती, पण चेहऱ्यावर तोच गच्चीवरचा आनंद.

"चांगलं पावडरीत घालून घासलंय," ती म्हणाली. "ते आसताना हात लावू दिला न्हाई. एकदा लावला, तवा बगायला त्यांना डोळं नव्हतं, आन् नंतर मासंच गेलं. त्यांनी बगितलंच न्हाई बग मी किती लख्ख केलतं ते. म्हनलं, आता जाताना तरी माझ्या हातनं सोच्छ जाऊ दे." मग तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "आन् पोरी, त्या मुक्या जिवांना जास्त खायाला नगं घालत जाऊ. झालं ते झालं. म्या कवाच माफ केलंय तुला."

मी तोंड उघडलं. आबा नव्हते, गल्ली बाहेर होती, खोलीत आम्ही दोघीच. टाकीसुद्धा नव्हती.

"चुकलंच माझं, मावशी," मी म्हणाले.

कान्ह्याच्या फलाटावर बाकावर बसून मी पिशवी उघडली. कौलाच्या प्रत्येक तुकड्याला धुण्याच्या पावडरीचा वास येत होता. "रिजेक्ट," मी मोठ्यानं म्हणाले, आणि शेजारचा माणूस दचकून सरकून बसला. मग मी ते तुकडे पुन्हा टॉवेलात नीट बांधले, आणि गाडी येईपर्यंत रडत रडत आबांना येतील तेवढ्या शिव्या घातल्या.